टाइट

फळ्यावर लिहिलं : टाइट. विशेषण. घट्ट, आवळलेला.
हाताची खडूपूड पदराला पुसली
आणि म्हटलं, वाक्यात उपयोग करा.

विट्यातली शाळा, सातवी ब.
खिडकीखालीच मागांची शेड,
तिचा खटखटाट आमच्या प्रार्थनेतसुद्धा असतो.
लाईट गेली की पोरं एकदम कुजबुजतात,
आपण इतका वेळ ओरडत होतो
हे तेव्हा कुठं कळतं त्यांना.

निशिगंधानं बरणीचं झाकण सांगितलं, गाइडातलं.
तौफिकनं सायकलची चेन.
मागवाल्या पवारांचा पोरगा म्हणाला, ताणा.
ताणा टाइट म्हणजे किती रे टाइट?
बाई, बोटानं छेडला तर वाजला पायजे,
पण रडला न्हाई पायजे.
हे मी माझ्या टाचणवहीत लिहून घेतलं.

मग अधिक सुर्वे उठला.
कधी न उठणारा.
माय फादर इज टाइट.
थोडं थांबून : एव्हरी सॅटरडे.

वर्ग फुटला. बाकं वाजली.
अधिक हसला नाही,
त्याला विनोद करायचाच नव्हता,
मी सांगितला तेवढा उपयोग त्यानं केला होता.
बस खाली, मी म्हटलं,
हे इंग्लिश नव्हे, हे आपल्याकडचं.
आणि वहीत लाल फुली.

आमच्या घरी हा शब्द वीस तारखेनंतर येतो.
जरा टाइट आहे, नवरा म्हणतो,
आणि पंख्याकडे बघतो.
सासूबाईंच्या हातात कासारणीनं
तळव्याला साबण लावून चढवलेल्या बांगड्या
आता नुसता हात वर केला तरी कोपराशी जातात.
कशाला घट्ट म्हणायचं, कुणाच्या मापानं?

झोप येईना म्हणून वडिलांचा शब्दकोश काढला,
पाठीला चिकटपट्टी लावलेला.
एक, घट्ट. दोन, ताणलेला.
अंगाला बसणारा. अपुरा. चिक्कू माणूस.
आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या टायपात :
प्यालेला.

म्हणजे साहेबाच्या देशातही
शनिवार होते.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शेडमध्ये गेले.
खळीचा वास, ग्रीसचा वास,
भुवयांवर कापूस बसलेली माणसं.
रंगराव सुर्वे तुटलेला धागा जोडत होता,
गाठ इतकी बारीक
की कापडावर हात फिरवला तरी लागू नये.
हात जरासुद्धा थरथरत नव्हता.
मला बघून माग थांबवला.
एकच थांबला, बाकी अकरा चालू,
म्हणून दोघांनाही ओरडून बोलावं लागलं.
काय केलं कार्ट्यानं?
काही नाही! त्याचं वाक्य बरोबर होतं! माझंच चुकलं!
कसलं वाक्य?

कांड्यांच्या टोपलीमागं अधिक उभा होता,
बापाचा डबा घेऊन आलेला.
ओठ असे मिटलेले
की मला फळ्यावरचा शब्द आठवला.

माय शूज आर टाइट, मी ओरडले.
म्हणजे, माझे बूट मला होत नाहीत!

रंगरावनं मान वळवली
आणि पोराच्या पायांकडं बघितलं.
बराच वेळ बघितलं.
माग चालू करायचा विसरला.

सोमवारी अधिक आला तो नवे काळे बूट घालून,
दोन नंबर मोठे, पुढं पेपरचा बोळा,
वर्गभर फटक फटक.
मधला शनिवार कसा गेला, मी विचारलं नाही.
त्यानं वही पुढं केली.
फुली खोडायला गेले तर आणखी लाल झाली,
म्हणून खाली लिहिलं, बरोबर,
आणि सही केली, पूर्ण नावाची.

बाई, तो म्हणाला, बूट लय लूज हाईत.

विरुद्धार्थी शब्द
मी अजून शिकवला नव्हता.